सरसाला ते कोंढवा: जंगलावर अतिक्रमण नेमकं कोणाचं?

राजुऱ्याचा

आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो व्हिडिओ पावसाळ्याच्या तोंडावर हटकून उगवतो. ट्रॅक्टरवर उभी असलेली खाकीतली महिला वनाधिकारी, भोवती बांबूच्या काठ्या घेतलेला जमाव, आणि तिच्यावर सपासप पडणारे वार. यंदा तो 'आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला, परवाचा' म्हणून फिरतोय. खाली नेहमीची जुगलबंदी: एक गट म्हणतो जंगल माफियाला गोळ्या घाला, दुसरा म्हणतो फॉरेस्टवाल्यांना असंच पाहिजे.

व्हिडिओ 30 जून 2019 चा आहे. गाव सरसाला, कागजनगर मंडल, जिल्हा कुमरम भीम आसिफाबाद, तेलंगणा. बल्लारशाहवरून काझीपेटकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलं की विरूर, माकुडी आणि पुढे सिरपूर कागजनगर. आमच्या राजुऱ्याच्या लोकांची तिकडे सोयरीक आहे, बाजारहाट आहे. म्हणजे चंद्रपूर नाही, पण लांबचंही नाही.

घटना थोडक्यात अशी. वनखात्याची माणसं सुमारे 20 हेक्टरवर रोपं लावायला ट्रॅक्टर घेऊन गेली. गावकऱ्यांचं म्हणणं, जमीन आमच्या वहिवाटीची. जमावाच्या पुढे होता तिथल्या सत्ताधारी आमदाराचा भाऊ, जो स्वतः जिल्हा परिषदेचा उपाध्यक्ष. देशभरच्या वाहिन्यांवर तीच काठी पुन्हा पुन्हा पडत राहिली. उपाध्यक्षांनी राजीनामा दिला, अटक झाली, आणि विषय मिटला.

आता जे वाहिन्यांनी दाखवलं नाही ते.

ही रोपं कशाची होती? काळेश्वरम उपसा सिंचन प्रकल्पात जी वनजमीन गेली, तिच्या बदल्यात लावायची होती. तीन हजार हेक्टरहून जास्त वनजमीन त्या प्रकल्पासाठी रीतसर परवानगीने वळवली होती. त्याच प्रकल्पाच्या मेडिगड्डा बंधाऱ्याचं लोकार्पण 21 जून 2019 ला झालं. तेलंगणाचे मुख्यमंत्री केसीआर, आंध्रचे जगनमोहन आणि आपले देवेंद्र फडणवीस, तिघेही हजर. काय ते फोटो, काय त्या पानभर जाहिराती! नऊ दिवसांनी त्याच प्रकल्पाच्या नावाची रोपं घेऊन एक रेंजर एका खेड्यात गेली आणि मार खाऊन आली. मोठ्या धरणाचं श्रेय हैदराबादला, त्याची किंमत वसूल करायचं काम एका महिला रेंजरकडे, आणि भरायची सरसाल्याच्या शेतकऱ्याने. या साखळीतली शेवटची दोन माणसं एकमेकांवर धावून गेली तेव्हा कुठे कॅमेरा आला.

त्याच महिन्यात, त्याच कागजनगरच्या जंगलात आणखी एक गोष्ट घडली होती. कोलामगोंदी नावाच्या पाड्यावरच्या कोलामांच्या झोपड्या पाडल्या आणि 67 माणसांना वनखात्याच्या वेम्पल्लीच्या लाकूड डेपोत नेऊन ठेवलं. लाकूड डेपोत! उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा (हेबियस कॉर्पसचा) अर्ज झाला, सुट्टीच्या दिवशी न्यायमूर्तींच्या घरी सुनावणी झाली, त्या लोकांना बसने हैदराबादला आणलं गेलं, आणि त्यांच्या राहण्याखाण्याची व जमिनीची सोय करा असा आदेश सरकारला मिळाला. कोलाम हे आपल्या यवतमाळ-चंद्रपुरातही आहेत, विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात. ही बातमी तुमच्यापैकी किती जणांनी तेव्हा पाहिली? यात व्हिडिओ नव्हता. पाड्यावर काठी चालवणारा कोणी आमदाराचा भाऊ नव्हता.

आणि आता कळस. चार वर्षांनी, तारीख पुन्हा 30 जून, साल 2023, ठिकाण तोच आसिफाबाद जिल्हा. केसीआर स्वतः आले आणि पोडू जमिनीचे, म्हणजे जंगल तोडून कसलेल्या जमिनीचे, पट्टे (हक्काचे कागद) वाटायला सुरुवात केली. राज्यभरात दीड लाखावर शेतकरी, चार लाख एकरांच्या वर जमीन. विधानसभेची निवडणूक पाच महिन्यांवर. जी जमीन 2019 मध्ये 'अतिक्रमण' होती तिच्यासारख्याच जमिनीवर 2023 मध्ये मुख्यमंत्र्यांचा फोटो असलेलं पासबुक. तारीख मुद्दाम निवडली होती असं मी म्हणत नाही. बहुधा कोणाच्या लक्षातही नसेल, आणि तेच जास्त लागतं.

चर्चा व्हावी. शिवीगाळ नको.

टीव्हीत्रस्त

माहितीबद्दल धन्यवाद, पण एक बाईमाणूस कर्तव्य बजावत असताना तिला काठ्यांनी बडवलं, त्याला 'साखळी', 'धरण' असली पार्श्वभूमी कशाला चिकटवायची? गुन्हा तो गुन्हा. मारणारा गरीब आदिवासीही नव्हता, पुढारी होता.

राजुऱ्याचा

गुन्हा आहेच, एका अक्षराची सवलत नाही. मारणारा पुढारी होता हे तर माझ्याच मुद्द्याचं आहे. त्याच्या पक्षाचं सरकार, त्याच्या पक्षाच्या मुख्यमंत्र्यांचा प्रकल्प, त्याच सरकारच्या खात्याने पाठवलेला ट्रॅक्टर. वर हरितहारम या सरकारी वृक्षलागवड मोहिमेची झाडं लावायची भाषणं आणि खाली गावात 'मी आहे ना, तुमच्या जमिनीला कोण हात लावतो बघू'. दोन्हीकडची टाळी एकाच घरात.

वनरक्षकाचा_पोरगा

आयडीवरून कळलंच असेल. बाबा बीटगार्ड म्हणून निवृत्त झाले, आता गावीच असतात. जिल्हा सांगत नाही.

इथे दोन गट पडतात, 'बिचारा शेतकरी' आणि 'बिचारं जंगल'. बीटगार्ड कोणाच्याच यादीत नसतो. त्याच्याकडे एक काठी, एक टॉर्च, हजार-दीड हजार हेक्टरचा बीट. नवीन तोड दिसली की पीओआर (वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल) फाडायचा, पंचनामा करायचा, जीपीएसवर पॉइंट घ्यायचे. संध्याकाळी फोन येतो: 'आपलीच माणसं आहेत, जरा सांभाळून घ्या'. सांभाळून घेतलं तर सहा महिन्यांनी वरून नोटीस, तुमच्या बीटात अतिक्रमण वाढलं कसं? नाही सांभाळलं तर बदली. बाबांच्या सर्व्हिस बुकातल्या बदल्यांच्या नोंदी आणि आमच्याकडच्या निवडणुकांची वर्षं शेजारी ठेवली तर वेगळा अभ्यास करायला नको.

सरसाल्याच्या आधी-नंतरही मारहाणी झाल्या. 22 नोव्हेंबर 2022 ला भद्राद्री कोत्तागुडेम जिल्ह्यात चंद्रुगोंडा भागात एका रेंजरचा खूनच झाला. रोपवनात गुरं चारण्यावरून, रोपं उपटण्यावरून वाद होता. मारणारे गुत्तीकोया, म्हणजे छत्तीसगडमधून सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेच्या काळात जीव वाचवायला पळून आलेल्यांपैकी. तेलंगणात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा नाही, म्हणजे पट्ट्याचा प्रश्नच नाही. खुनानंतर तिथल्या ग्रामपंचायतीने साऱ्या वस्तीलाच हुसकून लावायचा ठराव केला, आणि वनकर्मचारी संघटनांनी बंदुका मागितल्या. सरकारने शोक व्यक्त केला.

बाबा ती बातमी वाचून एवढंच म्हणाले, 'पट्टे देणार म्हणून वर्षभर आधी अर्ज मागवून ठेवले की असंच होतं.' अर्ज मागवले की ज्याचं नाही तोही घाईने दोन झाडं तोडून नांगर फिरवतो, आता केलं तर आपलंही बसेल म्हणून. घोषणा करणारा मोकळा, गार्ड मात्र त्या झाडाखाली उभा.

पाणवठा

वरच्या प्रतिसादाला +1. आणि मला इथे जरा नावडतं बोलावं लागणार.

केंद्राने 2025 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला जी माहिती दिली, तिच्यानुसार देशात 13 हजार चौरस किलोमीटरहून जास्त वनक्षेत्र अतिक्रमणाखाली आहे. एकट्या मध्य प्रदेशात साडेपाच हजारांच्या आसपास, आसामात साडेतीन हजारांच्या वर. महाराष्ट्रात पावणेसहाशेच्या घरात. हे सगळं एकेका गरीब आजोबांच्या वहिवाटीचं आहे का? मी वन्यजीव गणनेला जातो तेव्हा दिसतं. ज्या नाल्याच्या काठाला मागच्या खेपेला साग उभा होता तिथे कपाशी असते. जुन्या वहिवाटीला वनजमिनीवर हक्क देणाऱ्या वनहक्क कायद्याची कट-ऑफ तारीख 13 डिसेंबर 2005. त्यानंतरची तोड कोणत्याही पुस्तकाने हक्क ठरत नाही. आणि ताडोबा-कन्हाळगावकडचे वाघ प्राणहिता ओलांडून याच कागजनगरच्या जंगलात जातात. तो पट्टा तुकड्या-तुकड्यांचा झाला की वाघ गावात येणार. मग पुन्हा ब्रेकिंग न्यूज, आणि पुन्हा मरणारा शेतकरीच किंवा गुराखीच.

मतांसाठी पट्टे वाटणं हा ढोंगीपणा, कबूल. पण 'वहिवाट' म्हटलं की प्रश्न विचारायचाच नाही, हा दुसरा ढोंगीपणा.

राजुऱ्याचा

@पाणवठा, 2005 नंतरच्या तोडीचं समर्थन मी कुठेच केलेलं नाही. पण या 13 हजारांत कोण कोण आहे हे वेगळं काढणं सोपं नाही. त्यात दावा प्रलंबित असलेला आहे, चुकीने फेटाळलेला आहे, कालचा तोडणाराही आहे. सगळे एकाच पोत्यात.

आणि दुसरा आकडा त्याच्या शेजारी ठेवा. 2014 ते 2024 या दहा वर्षांत वनसंवर्धन कायद्याखाली सुमारे 1.73 लाख हेक्टर वनजमीन वनेतर कामांसाठी द्यायला केंद्राने मंजुरी दिली. त्यात खाणींचा वाटा सगळ्यात मोठा, 40 हजार हेक्टरच्या आसपास. अतिक्रमणाच्या आकड्याहून (13 हजार चौरस किलोमीटर म्हणजे 13 लाख हेक्टर) हा कमी आहे, मान्य. पण पहिला आकडा कित्येक दशकांचा साठलेला आहे, दुसरा दहा वर्षांचा. आणि याच्यासाठी कोणत्याही वाहिनीने ड्रोन उडवलेला मी पाहिला नाही. उलट गडचिरोलीत सूरजागडच्या लोखंडासाठी झाडं पडतात तेव्हा बातमीचा मथळा 'विकास दारी आला' असाच काहीतरी असतो.

सातपुड्यातून

तळोद्याकडचा आहे. आमच्याकडे हा विषय टीव्हीवरचा नाही, घरातला आहे.

2018 च्या मार्चमध्ये नाशिक ते मुंबई किसान सभेचा लाँग मार्च निघाला होता, 6 ते 12 मार्च. मुख्य मागण्यांमध्ये वनपट्टे होते, आणि चालणारे बहुतेक सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी. माध्यमांना सुरुवातीचे चार-पाच दिवस फारसा पत्ता नव्हता. मग रक्ताळलेल्या पायांचे फोटो आले. दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून मोर्चा रातोरात आझाद मैदानात पोचला, ते मुंबईकरांना फार भावलं. पाणी, बिस्किटं, चपला वाटल्या गेल्या. त्याच दिवसांत एका खासदारांनी शहरी माओवादाचा सूर लावला आणि मग त्यावर दोन दिवस चर्चा. एका बाजूला साधुसंत, दुसऱ्या बाजूला नक्षलवादी. मधला माणूस, ज्याचा दावा उपविभागीय समितीत अडकलाय, तो कोणालाच नको होता.

सरकारने सहा महिन्यांत वनदावे निकाली काढायचं लेखी दिलं. फेब्रुवारी 2019 मध्ये लोक पुन्हा नाशिकहून निघाले. मार्च 2023 मध्ये पुन्हा, त्या वेळी वासिंदला थांबले. मधल्या काळात सत्ता दोनदा पालटली. विरोधात असताना मोर्चाच्या स्वागताला येऊन उभे राहिलेले पक्ष सत्तेत आले आणि 'कायद्याच्या चौकटीत बघू' म्हणू लागले. सत्तेतून बाहेर गेलेले पुन्हा टोपी घालून हजर. यात कोणी एक पक्ष नाही, म्हणून नावं लिहीत बसत नाही.

पाय सगळ्यांनी छापले. दावा कुठे अडतो ते कोणी छापलं का? मी सांगतो. ग्रामसभेने ठराव केला, वनहक्क समितीने शिवारात जाऊन मोजलं, पंचनामा केला. प्रकरण प्रांताकडच्या उपविभागीय समितीत गेलं. तिथे उपग्रहाचं चित्र काढतात आणि म्हणतात 2005 ला इथे शेती दिसत नाही. डोंगरउतारावरची भगर-नागलीची शेती, मधे मोहाची चार झाडं ठेवलेली, वरून जंगलच दिसणार! कायद्याच्या नियमात तर पुराव्यांची मोठी यादी आहे, गावच्या वडीलधाऱ्यांचा जबाबसुद्धा त्यात धरतात. पण फेटाळायला एक चित्र पुरतं. आणि मंजूर झालं तरी चार एकर कसणाऱ्याला वीस गुंठ्यांचा पट्टा. कमाल मर्यादा चार हेक्टरची आहे, बरं का. राज्यात दावे चार लाखांवर गेले, मान्य झाले ते निम्म्याच्या आसपास.

एक गंमत. ज्यांच्या बापांनी वनखात्याच्या दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या त्यांचे दावे पटकन टिकले. 'अमुक साली अमुक कंपार्टमेंटमध्ये बेकायदा नांगरट', खाली गार्डची सही. यापेक्षा पक्का पुरावा कुठला? ज्यांनी गार्डला कोंबडी देऊन पावती टाळली त्यांच्या हातात काहीच नाही.

वनरक्षकाचा_पोरगा

कोंबडीचा उल्लेख बाबांना वाचून दाखवला. हसले. नाकारलं नाही.

मनमौजी

टोपीवरून आठवलं, आमच्या आमदारांकडे हिरवी, भगवी, लाल सगळ्या आहेत. वृक्षारोपणाला वेगळी.

पाणवठा

@सातपुड्यातून, उपग्रह चित्राचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण मग 2019 चं काय? सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारीला फेटाळलेल्या दावेदारांना हटवायचा आदेश दिला तेव्हा 'दहा लाख आदिवासी बेघर' अशा बातम्या आल्या. न्यायालय काय कोणाचं शत्रू आहे का?

सातपुड्यातून

आदेश खरा होता आणि धक्काही खरा होता. पण त्या सुनावण्यांत केंद्र सरकारने स्वतःच्याच कायद्याची बाजू धड मांडली नाही अशी टीका तेव्हा सगळीकडून झाली. लोकसभा निवडणूक दोन महिन्यांवर आल्यावर मात्र तेच केंद्र धावत न्यायालयात गेलं आणि 28 फेब्रुवारीला आदेश स्थगित झाला. पंधरा दिवसांत अचानक आदिवासींचा कळवळा. न्यायालयानेही तेव्हा राज्यांना विचारलं की दावे फेटाळताना प्रक्रिया पाळली होती का, ते सांगा. हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर काय आलं, यावर प्राइम टाइमला चर्चा ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

बाकी 'दहा लाख' हा फेटाळलेल्या दाव्यांचा अंदाज, त्यात एकेका घरात पाच माणसं धरली तर आणखी मोठा. आकडा भीतीदायक होता म्हणून चालला. कारणं किचकट होती म्हणून पडली.

कात्रजचा_घाट

शेतकरी, आदिवासी, रेंजर एवढंच चाललंय, म्हणून आमच्या पुण्याची भर घालतो.

कोंढवा बुद्रुक. 11.89 हेक्टर. 1879 पासून राखीव वन, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं राजपत्र. 1998 मध्ये महसूल खात्याने ही जमीन एका कुटुंबाला 'शेतीसाठी' दिली. पुढच्याच वर्षी विकायची परवानगी. घेणारा बिल्डर, वर हाउसिंग सोसायटीची स्वप्नं. कोंढव्यात शेती! तिथे तेव्हा काय पिकणार होतं हे पुण्यातलं शेंबडं पोर सांगेल.

27 वर्षांनी, 15 मे 2025 ला, सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केलं. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी पदाची सूत्रं घेतल्यानंतरचा दुसरा दिवस. राजकारणी, अधिकारी आणि बिल्डर यांचं साटंलोटं म्हणजे काय याचं हे नमुनेदार उदाहरण, असं निकालात स्पष्ट आहे. तेव्हाचे महसूलमंत्री आणि विभागीय आयुक्त यांच्यावर ताशेरे आहेत. शिवाय सगळ्या राज्यांना सांगितलं की महसूल खात्याच्या ताब्यातली राखीव वनजमीन अशी कोणाकोणाला दिली ते विशेष पथक नेमून शोधा.

आता तुलना करा. सरसाल्याच्या शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर गेला. तळोद्याच्या म्हाताऱ्याला वीस गुंठे मिळाले. इथे मंत्रालयातून फाइल हलली आणि बारा हेक्टर गेले. वाहिन्यांवर एक दिवस पट्टी फिरली, तीही 'गवईंचा पहिलाच मोठा निकाल' म्हणून. कोंढव्याच्या त्या जमिनीवर बूम माइक घेऊन 'बघा, हेच ते जंगल' असं ओरडणारा कोणी मला दिसला नाही.

टीव्हीत्रस्त

हे मात्र खरं आहे. मी पुण्यातच असतो आणि मला हे निकालाआधी माहीत नव्हतं.

कुकटपल्लीकर

हैदराबादहून. तेलंगणात सरकार बदललं, चित्र बदललं का, तर हे घ्या.

डिसेंबर 2023 मध्ये केसीआर गेले. सरसाल्याचा मतदारसंघ सिरपूर, तिथला तो आमदारही पडला. काँग्रेस आली. मार्च 2025 च्या अखेरीस सरकारने हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीच्या 400 एकरांवर आयटीसाठी बुलडोझर घातले, सणासुदीच्या सुट्ट्यांत, रात्रीच्या दिव्यांत. 3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, तोवर शंभर एकरांच्या आसपास झाडी गेली होती. म्हणजे पोडूवाल्याने चार झाडं तोडली तर गुन्हा, सरकारने शंभर एकर तोडले तर 'ही कागदोपत्री वनजमीनच नाही'.

पण माध्यमांचाही उजेड बघा. त्या दिवसांत पळणारी हरणं आणि बुलडोझरसमोर रडणारे मोर यांची जी चित्रं फिरली त्यातली कित्येक एआयने बनवलेली होती. मोठमोठ्या नटनट्यांनी, नेत्यांनी ती पुढे ढकलली. परिणाम काय, तर सरकारला आयतं कोलीत. खरी झाडं कापली गेली होती तो मुद्दा बाजूला राहिला, आणि खोटी चित्रं टाकणाऱ्यांवर गुन्हे हाच विषय झाला. खऱ्याला खोट्याचा मसाला लावायची गरजच नव्हती हो.

आणि तुमच्या कागजनगरचं ताजं: 30 मे 2025 ला याच सरकारने ताडोबा आणि तेलंगणातलं कवाल या व्याघ्र प्रकल्पांमधला जवळपास दीड लाख हेक्टरचा पट्टा कुमरम भीम संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. आदिवासी संघटना रस्त्यावर आल्या, बंद झाला, 21 जुलैला आदेश थांबवून ठेवला. कुमरम भीम जोडेघाटला निजामाशी लढला तो जल, जंगल, जमीन आमचं म्हणून, 1940 मध्ये मारला गेला. त्याच माणसाचं नाव देऊन त्याच्याच माणसांना न विचारता काढलेला आदेश!

पाणवठा

तो कॉरिडॉर हवा आहे, हे मी शंभरदा म्हणेन. वाघ सीमा बघत नाही. पण ग्रामसभांना आधी विचारायला हवं होतं, यात वाद नाही. घाईने काढून घाबरून थांबवलेल्या आदेशाने वाघाचंही नुकसान होतं. आता पुढची दहा वर्षं 'संवर्धन' म्हटलं की तिथली माणसं काठी उचलतील.

वनरक्षकाचा_पोरगा

आणि काठी पडेल कोणावर?

राबवाला

पालघरकडून एक छोटी भर, माध्यमांबद्दल. आमच्याकडे भाताच्या आणि नागलीच्या रोपासाठी राब भाजतात. ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, वर माती, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पेटवतात. शेकडो वर्षांची रीत. मध्ये एका स्थानिक चॅनेलच्या मुलाने त्या धुराचा व्हिडिओ 'जंगल पेटवून जमीन बळकावण्याचा डाव' म्हणून टाकला होता. ज्याचं शेत होतं त्याच्याकडे सातबारा होता, स्वतःच्या नावाचा. त्याला विचारायलासुद्धा कोणी गेलं नाही. व्हिडिओ अजून तसाच आहे.

राबाने झाडं ओरबाडली जातात का? जातात. त्यावर बोलायचं तर बोलू. पण मग ते शेतीचं बोलणं होईल, त्याला टीआरपी कुठला.

मनमौजी

राबावर वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल.

पैनगंगेपल्याड

मी नांदेडचा, पण मामाचं गाव जिवती तालुक्यात, महाराष्ट्र-तेलंगणा सीमावादातल्या त्या चौदा गावांपैकी एक. धाग्याचा विषय तिथे अक्षरशः दोनदा लागू होतो. महाराष्ट्राचं रेशनकार्ड आहे, तेलंगणाचंही. मतदान दोन्हीकडे. शाळा दोन. दोन्ही राज्यांचे उमेदवार येतात आणि दोघेही 'जमिनीचा प्रश्न सोडवतो' म्हणतात. पट्टा मात्र कोणाचाच धड नाही, कारण बरीचशी जमीन कागदावर जंगल.

मामाकडचे लोक 70 च्या दशकातल्या दुष्काळात मराठवाड्यातून तिकडे गेलेले. बिगर आदिवासी. वनहक्क कायद्यात त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. पन्नास वर्षं कसूनही ते बसत नाहीत. शेजारचा कोलाम आणि गोंड बसतो, पण त्याचा दावा अडकलेला. मग पुढारी येऊन एकाला सांगतो की तुझी जमीन त्याच्यामुळे अडली, आणि दुसऱ्याला उलट. 2022 च्या शेवटी सीमावाद तापला तेव्हा सगळ्या वाहिन्यांच्या गाड्या तिथे येऊन गेल्या. 'तुम्हाला महाराष्ट्र हवा की तेलंगणा?' एवढाच प्रश्न. मामा म्हणाला, 'सातबारा देईल ते राज्य.' ते वाक्य काही दाखवलं नाही.

टीव्हीत्रस्त

मामांचं वाक्य जबरदस्त.

एक कामाचा प्रश्न, कोणाला माहीत असेल तर. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी जव्हारच्या आहेत. त्यांच्या वडिलांचा दावा फेटाळला असं कोणीतरी तोंडी सांगितलंय, कागद काही नाही. आता काय करायचं?

सातपुड्यातून

@टीव्हीत्रस्त, तोंडी फेटाळलं याला अर्थ नाही. कारणांसकट लेखी कळवणं बंधनकारक आहे, आणि अपिलाची मुदत तसं लेखी कळवल्याच्या तारखेपासून धरायची. आधी ग्रामपंचायतीत जाऊन वनहक्क समितीच्या रजिस्टरमध्ये दाव्याचा क्रमांक बघा. मग प्रांत कार्यालयात त्या क्रमांकावर लेखी अर्ज द्या, निर्णयाची प्रत मागा, पोच घ्यायला विसरू नका. उपविभागीय समितीने नाकारलं असेल तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे अपील. जिल्हा समितीनेही नाकारलं आणि गाव अनुसूचित क्षेत्रात असेल, जव्हार आहेच, तर राज्यपालांच्या 2020 च्या अधिसूचनेनंतर विभागीय आयुक्तांच्या समितीकडेही जाता येतं. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कसत्या जमिनीवरून काढता येत नाही, कायद्याचं कलम 4(5). ते कलम छापून खिशात ठेवायला सांगा, कोणी आलं तर दाखवता येतं.

आणि आजोबांच्या वेळच्या दंडाच्या पावत्या आहेत का घरात, ते आधी विचारा.

टीव्हीत्रस्त

विचारलं. एक ट्रंक आहे म्हणतात, त्यात काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. दिवाळीला त्या गावी जातील तेव्हा फोटो काढून पाठवतील. इथेच टाकू की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू?

सातपुड्यातून

व्यनि करा. नावं, गट नंबर असतात त्यावर, इथे उघड्यावर नको.